सैल की घट्ट

शेजारच्या चंद्रावतीबाईंचा फ्रीज बिघडला नसता, आणि दुरुस्तीवाल्याला बोलावून त्या स्वतः वाळपईला लेकीकडे निघून गेल्या नसत्या, तर तो सुमंगलेच्या पडवीवर येऊन बसलाच नसता.

साल अठ्ठ्याऐंशी असेल. एप्रिल संपत आला होता. वडिलांना, आबांना, बांबोळीच्या इस्पितळात दाखवून सुमंगला घरी आली, तर पायरीवर एक अनोळखी तरुण, आणि त्याच्या पायाशी गॅसचा सिलिंडर. शेजारचं दार उघडायची वाट बघत बसला होता.

डिचोलीच्या रस्त्यावरून तेव्हा खनिजाचे ट्रक मुंग्यांसारखे चालत. त्यांची पांढरी फियाट कधीचीच तांबडी झाली होती. आबा खोकतच उतरले. खाणीच्या ऑफिसात त्यांनी उभा जन्म कारकुनी केली आणि छातीत ती धूळ भरून घेतली. गाडीच्या काचा उघडल्या की धूळ, लावल्या की भट्टी. म्हणून तर एसी बसवलेली ही जुनी गाडी घेतली होती. आणि आता तो एसी नुसताच घरघरत होता.

तरुण उठून उभा राहिला. "बाय, वायच पाणी मिळात?"

तिने तांब्या आणून दिला. पाणी पिता पिता त्याने गाडीकडे मान वळवली. "एसी फुकट फिरता तुमचो. गॅस नाय त्यात."

"तुम्हाला इथून कसं कळलं?"

"आवाजान. पोटात काय नसला की माणूस पण असोच गुरगुरता."

सुमंगला हसली. आई गेल्यापासून त्या पडवीवर असं मोठ्याने कोणी हसलं नव्हतं... तिचं तिलाच ते कानांना नवं लागलं.

त्याचं नाव भिकाजी. दोडामार्गाजवळच्या भेडशीचा, डिचोलीच्या बाजारात फ्रीज-एसीच्या दुकानात कामाला. नाव ऐकून तिच्या ओठांचा कोपरा हललेला त्याने पाहिला. "हसू नकात. माज्याआधी दोन गेली. म्हणान आवशीन माका देवाकडसून भिकेक मागून घेतल्यान."

तिने तांब्या पुन्हा भरून आणला.

पुढच्या रविवारी तो सामान घेऊन आला. जुन्या फ्रीजच्या कॉम्प्रेसरचा त्याने पंप केला होता. घरातून वायर ओढून तो फणसाच्या सावलीत लावला. आधी नळ्यांतली सगळी हवा ओढून घ्यायची, मग घड्याळासारख्या त्या तबकडीवर नजर ठेवायची. सुई हलली तर कुठेतरी गळतंय. नाही हलली तर गॅस भरायला हरकत नाही.

"किती वेळ बघत बसायचं?" तिने विचारलं.

"चाय होयसर."

"आणि चहा केलाच नाही तर?"

"मगे सांजसर बसतंय. माजा काय जाता!"

चहा तिने मुद्दाम उशिरा केला.

गॅस भरताना आबांना गाडीत बसवून अ‍ॅक्सिलरेटरवर पाय ठेवायला सांगितलं. इंजिनाशेजारच्या डबीवर शर्टाच्या गुंडीएवढी एक काच होती. भिकाजी तिच्यावर वाकला. "हय बघ. बुडबुडे दिसतत? ते गेले की गॅस भरलो." ती वाकली. 'बघा'चं 'बघ' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. दोन डोकी त्या इवल्या काचेवर... त्याच्या केसांना खोबरेल तेलाचा वास, त्यात पेट्रोलचाही. बुडबुडे विरळ झाले, मग गेले. काच स्वच्छ झाली, तरी कोणी मान वर केली नाही.

आबांनी हॉर्न वाजवला. "अरे, भायर कोण जिवंत आसा काय? हंयसर मी थंडीन कुडकुडतंय!"

दचकून दोघं बाजूला झाली. नळीला घाम फुटला होता. "हात लावन बघ," तो म्हणाला. तिने लावला. भर दुपारी बोटं गारठली. आणि चेहरा मात्र तापला.

त्यानंतर तो दोनदा येऊन गेला— एकदा पट्टा बघायला, एकदा त्या पट्ट्याचा आवाज येतो का ते बघायला. मग निमित्त संपलं. गाडी नीट चालत होती, हीच अडचण! सुमंगला पडवीवर बसून फणसाखालची रिकामी जागा बघत राही. एका सकाळी तिने सायकलच्या ट्यूबचं पितळी टोपण घेतलं आणि त्याच्या खाचेत धरून, गॅस भरायच्या नळीच्या तोंडातली बारीक पिन किंचित सैल केली. गॅस हळूहळू जाईल, अंगणातच जाईल, मग त्याला बोलावता येईल, एवढंच तिच्या मनात होतं.

गॅस गेला तो नेमका बांबोळीच्या वाटेवर. मागे-पुढे ट्रक. काचा लावून आबांचा जीव घुसमटला, उघडल्या तर खोकल्याची उबळ थांबेना. एका आंब्याखाली गाडी उभी करून ती त्यांची पाठ चोळत राहिली. त्यांचे ओठ निळसर झालेले तिने पाहिले.

संध्याकाळी निरोप मिळताच भिकाजी आला. साबणाचं पाणी करून तो नळ्यांच्या सांध्यांना लावत गेला. पिनेवर साबणाचा बुडबुडा आला... मोठा झाला, फुटला. पुन्हा आला. पितळेवर ताजा ओरखडा होता. त्याने बराच वेळ वर पाहिलं नाही.

"पिन आपसूक सैल होत नाय, बाय."

तिने साबणाच्या पाण्याची वाटी उगाच बाजूला सरकवली.

"कोणी केल्यान?"

"तुला ठाऊक आहे."

तो हसला, पण ते हसू लगेच कुठेतरी हरवलं. पान्याशी चाळा करत म्हणाला, "माजो मस्कताचो विसा इलो, सुमंगला. तिकडे एसीच्या माणसांका काम आसा. घरात दोन भयणी लग्नाच्यो... भाऊ म्हणता, जा. माजा मन म्हणता—" तो थांबला. पिनेवर बोट ठेवून त्याने तिच्याकडे पाहिलं. "तूच सांग. सैल ठेवू, की घट करू? सैल ठेवलंय तर पंदरा दिसांनी माका परत येवचाच लागतला. मगे मस्कत रवला."

पडवीवर आबा आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते. खोकला थांबला होता, पण श्वासाची शीळ अंगणापर्यंत ऐकू येत होती. सुमंगलेला ते निळसर ओठ आठवले.

"घट्ट कर," ती म्हणाली.

आणि पुढचं वाक्य— 'पिन घट्ट कर, पण तू राहा'— तिच्या जिभेवर आलंही होतं. पण त्याने तोवर मान खाली घातली होती. पान्याचा एक फेर... दुसरा. त्याला उत्तर मिळालं होतं. त्याच्या बहिणी तिच्या डोळ्यांपुढे आल्या, आणि जिभेवरचं वाक्य तिने गिळलं. आत्ता नाही तरी निदान चहा देताना सांगू, असं तिने ठरवलं. चहा न घेताच तो गेला.

मग मेअखेरीस, आबांना घेऊन ती बांबोळीला निघाली होती. डिचोलीच्या स्टँडजवळ ट्रकांची रांग अडकली. आणि समोर, हातात रेक्झिनची बॅग घेऊन, भिकाजी. नवीन शर्ट, तेल लावून चापून बसवलेले केस. त्याने तिला पाहिलं. रस्ता ओलांडून गाडीजवळ आला, वाकला, ओठ हलले. आत थंड हवेचा घोंघाट. शब्द एकही नाही.

"काच खाली कर गो," आबा म्हणाले.

"धूळ येईल, आबा."

"येवंदे. दोन मिनटांत मरणा नाय मी." त्यांनी पंचा नाका-तोंडावर धरला आणि तोंड दुसऱ्या बाजूला फिरवलं.

तिने काच खाली केली. झळ आत शिरली, तिच्यामागून तांबडी धूळ. आता सांगायचं होतं. हीच वेळ होती. तिचे हात स्टिअरिंगवर घट्ट.

"थंड येता मां?" त्याने विचारलं.

"येतं."

"बरा झाला." तो थोडा वेळ तसाच वाकून राहिला. तिच्या तोंडाकडे बघत, वाट बघत. मग सावकाश म्हणाला, "जातंय मी."

आपल्याकडे निघणारा माणूस असं म्हणत नाही. लहान पोर म्हणालं तरी त्याला दटावतात. शेजारच्या घरून उठतानाही 'येतंय' म्हणायचं असतं. हे त्याला ठाऊक नव्हतं थोडंच? आपण वाट बघू नये म्हणूनच तो तसं म्हणाला, हे सुमंगलेला कळलं.

"जातंय काय म्हणतस रे!" पंच्याआडून आबा गरजले. "येतंय म्हण! येतंय म्हण आधी!" आणि त्या गरजण्यानेच त्यांना उबळ आली.

मागच्या ट्रकने हॉर्न दिला, दिलाच. रांग हलली होती. तिला गिअर टाकावा लागला. आरशात त्याचे ओठ हललेले दिसले. की नाही हलले... धुळीत नीटसं दिसलं नाही.

मस्कताचा तीन वर्षांचा करार वाढत गेला. मग भेडशीच्या कोणीतरी बाजारात सांगितलं, भिकाजीचं लग्न झालं, मुलगी भेडशीकडचीच केली. सुमंगला घरी आली, आबांचं औषध दिलं, आणि पडवीवर जाऊन बसली. आबा काठी टेकत बाहेर आले.

"म्हणालो गो तो," ते म्हणाले. "येतंय म्हणालो. मी माज्या कानान ऐकलंय."

मरेपर्यंत ते हेच सांगत राहिले. ती दर वेळी "होय, आबा" म्हणे. त्या दिवशी ते पंच्यात तोंड खुपसून खोकत होते, हे तिने त्यांना कधी बोलून दाखवलं नाही.