परत पाठवलेल्या कॅप

कांदिवलीच्या आमच्या दवाखान्यात तो पहिल्यांदा आला, तेव्हा मी त्याला पेशंट समजून सरळ खुर्चीत बसवलं, गळ्यात टॉवेल अडकवला आणि विचारलं, "कुठली दाढ?"

"खालची, डावीकडची," तो म्हणाला. "पण ती माझ्या खिशात आहे!"

खिशातून त्याने डबी काढली. आत किडक्या दाढेवर बसवायची धातूची कॅप, चकचकीत. गोवंडीच्या एका लॅबमध्ये तो या कॅप बनवायचा. पोचवणारा माणूस आजारी, म्हणून स्वतः आला होता. नाव लवू.

"एवढं म्हातारं नाव?"

"आजोबांचं आहे. वापरून संपवतोय."

मी हसले... आणि तिथंच माझी वाट लागली.

आमचे डॉक्टर संध्याकाळी येतात. लॅबमधून आलेली कॅप प्लॅस्टरच्या साच्यावर बसवून, दातांमध्ये निळा कागद धरून बघायचं काम माझं; कॅप उंच असेल तिथे त्या कागदाचा डाग पडतो. चावताना उंच लागली, तर बनवणाऱ्यानेच येऊन ती परत न्यायची, असा त्या लॅबचा नियम होता. लवूची पुढची कॅप अगदी बरोबर बसली. मी फोन उचलला आणि म्हणाले, "उंच आहे."

गोवंडीहून दोन तास घाम गाळत तो आला.

"किती उंच?"

"थोडीशी..."

"साचा बघू?"

"डॉक्टरांच्या कपाटात आहे. चावी नाही माझ्याकडे."

माझे कान तापले. तो बघत राहिला – कॅपकडे नाही, माझ्याकडे. मग आम्ही खालच्या टपरीवर चहा घेतला.

चार महिन्यांत अशा पाच कॅप मी परत पाठवल्या. अक्कल गहाण ठेवली की असंच होतं.

पाचव्या वेळी तो आला तो भिजून, आणि चहा नको म्हणाला. बाहेर भरदुपारी अंधारून आलं होतं.

"आज शेवटचा दिवस. शेटने काढलं मला. म्हणाला, तुझ्या हाताला माप राहिलं नाही. सोमवारी कुडाळला जातोय, काकाच्या दुकानात."



"लवू... एकही कॅप उंच नव्हती रे."

"माहितेय."

"काय?"

"उंच असती, तर तुझ्या त्या निळ्या कागदाचा डाग पडला असता ना वर? पाचही कोऱ्या होत्या."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो, तर तू बोलवायची थांबली असतीस."

मला रडू कोसळलं. माझी नोकरी गेली तर गेली, म्हणत मी त्याच्यादेखत शेटना फोन लावला. नाव सांगितलं, पाचही वेळचा खोटेपणा कबूल केला.

"आता कशाला सांगता, मॅडम?" शेट म्हणाले. "त्याच्या जागी माणूस ठरलाय. शब्द दिलाय मी." फोन बंद झाला.

लवू भिंतीला टेकून उभा होता. "सहा वर्षं झाली. दवाखान्यातून फोन येतो तो तक्रारीचाच. माझं काम बरोबर आहे म्हणून आज पहिला फोन गेला."

"तू मला आवडतोस," मी म्हणाले. किती सोपं होतं ते!

तो हसला, पण डोळे भरलेले.

"नुसतं 'ये' म्हणायचं होतंस गो... मी आलोच असतो."

थांब म्हणावंसं फार वाटलं. पण कुठल्या तोंडाने म्हणणार? तो जिना उतरून गेला.