परका पान्हा

दवाखान्यातून घरी सोडताना नर्सने सांगितलं होतं, "अंगावर पाजायला त्रास झाला तर फोन करा, आम्ही घरी माणूस पाठवतो." म्हणून बारकीने फोन केला. निमित्त एवढंच.

बारकी ही त्या घरातली सून. अंगाने काडी, म्हणून सासूने ठेवलेलं नाव. कपडे दुरुस्तीच्या दुकानात ती मशीनवर बसायची. सुईत दोरा ओवताना तिला नीट बघावंही लागत नसे. पण पोटच्या पोरीला छातीशी धरणं काही जमेना. पोर तोंड लावायची, जरासं ओढायची आणि किंचाळत सुटायची. स्तनाग्रांना चिरा पडल्या होत्या. पोरीने तोंड उघडलं की बारकीच दात आवळून घ्यायची.

"आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?" सासू म्हणायची, तेही बघायला आलेल्या बायकांसमोर. बायका हसायच्या. नवरा भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा.

फोन केला, त्यानंतरच्या दुपारी बेल वाजली. दार सासूने उघडलं. बाहेर एक उंच, भरल्या अंगाची बाई उभी होती, खांद्यावर करडी शाल.

"पाजायला त्रास होतोय ना... त्यासाठी आले."

सासूने तिला आत घेतलं. बाई खोलीत आली तसा एक वास पसरला. दुधाचाच, पण भांड्याच्या तळाशी विसरून राहिलेल्या दुधाचा.

"पाठीशी उशी घे," बाई हलक्या आवाजात म्हणाली. "पोरीचं पोट तुझ्या पोटाला लागू दे. नाक बोंडीसमोर. घाई नको... मोठा आ करू दे तिला... हं, आता."

आणि पहिल्यांदाच दुखलं नाही. पोरीच्या गळ्यात घोट वाजू लागले. बारकीला रडू कोसळलं. कुणीतरी आपल्याला शहाणं करून सोडलं, टाकून बोललं नाही, याचंच ते रडू होतं. बाईचं मात्र तिच्याकडे लक्षच नव्हतं. ती पोरीच्या हलणाऱ्या गळ्याकडे बघत होती आणि प्रत्येक घोटाबरोबर स्वतःही आवंढा गिळत होती.

मग बाई रोज दुपारी येऊ लागली. एके दिवशी बारकीला ताप चढला. हात उचलवत नव्हता.

"तू पड जरा," बाई म्हणाली. "आज मी पाजू?"

बारकीच्या ओठांवर 'नाही' आलं होतं. पण दारातून सासू म्हणाली, "पाजू दे की! तेवढंच लेकराच्या पोटात काहीतरी जाईल."

"...पाजा," बारकी म्हणाली.

बाईने पोरीला शालीखाली घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याची नर्स आली. "उशीर झाला हो. माणसंच नव्हती पाठवायला."

"असं कसं? तुमच्या बाई रोज येतात की," बारकी म्हणाली.

"आमच्या? आमच्याकडून मीच पहिली आले."



नर्सने पोरीला बारकीजवळ धरून पाहिलं. असं, तसं, बसून, आडवं. बारकीच्या छातीतून दूध आपोआप ठिबकत होतं, झगा भिजला होता. इतका पान्हा तिला कधी फुटला नव्हता. पोरीने ओठ मिटून घेतले आणि मान फिरवली. आईचा हात लागला की ती काळीनिळी होऊन किंचाळायची. वाटी-चमच्याने दिलं, तेही थुंकलं.

त्या दुपारी बेल वाजली. सासूने कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. बेल वाजून वाजून थांबली.

पोर रात्रभर रडली. सकाळी रडणं बारीक झालं. दुपारी ते थांबलंच. नवरा दवाखान्यात न्यायला गाडी आणायला धावला. पोरीची मान बारकीच्या दंडावर ओल्या फडक्यासारखी लोंबत होती.

तेवढ्यात बेल वाजली.

"उघडू नकोस गं," सासू तिचे पाय धरून म्हणाली. "तुझ्या पाया पडते."

"मग काय करू, आई? आता आड भरलाय... आणि हिला माझं पाणीच नकोय."

बारकीने पाय सोडवून घेतले आणि कडी काढली.

बाई सरळ आत जाऊन बारकीच्याच उशीला टेकून बसली आणि हात पुढे केले. बारकीने पोर दिली. पोरीवर शाल पडली. घोट वाजू लागले, लोभी, भराभर. शालीबाहेर राहिलेली इवलीशी पावलं हळूहळू गुलाबी झाली. बारकी समोर उभी होती. तिचं दूध झग्यातून ओघळून फरशीवर पडत होतं. ते पुसायला कुणी उठलं नाही.

बऱ्याच वेळाने बाईने पोरीला बाहेर काढून बारकीच्या हातात ठेवलं. पोर शांत झोपली होती, ओठांच्या कडेला पांढरा थेंब. बाईने शाल पुन्हा सारखी केली आणि डोळे मिटले.

पोर बारकीच्या कुशीत होती. शालीखाली घोट वाजतच होते.