आक्कांनी सोडलेली लाईन

यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर सगळ्यात जास्त आनंद मलाच होईल.

गेल्या वर्षीचा जुलै. मंगळवार पेठेतलं आमचं ऑफिस. दिवेलागण झाली होती आणि पाऊस असा, की समोरचं दुकान दिसत नव्हतं.

आमचं काम थोडक्यात सांगते. चंदगडच्या डोंगरात काही वाड्यांवर मोबाईलला रेंजच नाही. तिथं आम्ही डिश बसवल्यात, थेट उपग्रहाशी बोलणाऱ्या. उपग्रहाकडून सगळ्यांत मिळून एकच बँडविड्थ, म्हणजे नेटचा ठरावीक साठा, मिळते. ती कुणाला किती द्यायची, ते मी बघते. शिक्षण म्हणाल तर बारावी नापास. बघून बघून शिकले. नळकोंडाळ्यावरची भांडणं सोडवायची सवय होती, ती कामाला आली.

दाट पावसात बँडविड्थ आक्रसते. तेव्हा आमची एकच रीत. जी डिश गप्प आहे, तिचा हिस्सा काढायचा आणि मागणाऱ्याला द्यायचा.

गप्प आहे म्हणजे तिला गरज नाही.

असं आम्ही धरून चालायचो...

त्या संध्याकाळी डोंगरातल्या उपकेंद्रातून संयोगिता सिस्टरचा फोन आला.

"म्याडम, बाळंतीण अडलीया! ओढ्याला पाणी, गाडी येत न्हाय. डॉक्टर स्क्रीनवर हाईत, पर चित्रच हलंना. जास्त सोडा की जरा!"

कुणाचं काढू? सगळ्यांचं आधीच अर्धं केलं होतं.

तेवढ्यात दुसरा फोन वाजला.

आक्का.

वरच्या वाडीत एकट्या राहायच्या. तिथली डिश त्यांच्याच भिंतीवर, फोनही तिच्यावरूनच लागायचा. रोज याच वेळेला गोव्यातल्या मुलाशी, जोतीरामशी बोलायच्या. त्याआधी मला हुकूम, "पोरी, लाईन मोकळी सोड." मग तासभर त्याला म्हशीचं कौतुक. मीही लाडानं त्यांना थोडं जास्तच सोडायचे.

"पोरी, जरा ऐक की..."

"आक्का, आज नको! एक बाळंतीण अडलीय. तुमची लाईन तिला देऊ?"

पलीकडे शांत.

आणि मला काहीतरी खटकलं...

आक्कांच्या मागे पाऊस वाजत नव्हता.

पत्र्याचं घर त्यांचं. पावसाळ्यात दोघींना ओरडूनच बोलावं लागायचं. आज आवाज अगदी कानाशी. गोधडीत तोंड घालून बोलल्यासारखा.

"वर थांबला का हो पाऊस?"

"हितं लागंना झालाय आता."

मग हळूच,

"पहिलटकरीण हाय व्हय?"

"हो."

"मग घे की. मी काय, उगं बोलतीया."

मी फोन ठेवला. आक्कांचा हिस्सा उपकेंद्राकडे वळवला.

त्याच क्षणी सिस्टर ओरडल्या, "आलं! चित्र आलं!"

बऱ्याच वेळानं फोनमधून बाळाचं रडणं ऐकू आलं. मी आणि शेजारच्या टेबलावरची पूर्णिमा, दोघी हसत डोळे पुसत बसलो.

"आक्का देवमाणूस बघ," मी म्हटलं. "मुलाशी बोलायचं सोडून लाईन दिली."

पूर्णिमाचं हसू थांबलं.

"कुठल्या आक्का?"

"वरच्या वाडीच्या."

"ताई... त्यांची डिश सकाळधरनं बंद हाय. तुम्हीच न्हवं का त्यांचा हिस्सा काढून वाटलासा?"

सकाळचं ते मी गडबडीत विसरूनच गेले होते. मी स्क्रीन बघितली.

आक्कांच्या नावापुढे लाल ठिपका. हिस्सा... शून्य.

मग मी काढलं काय? आणि बाळंतिणीला दिलं काय?

दुसऱ्या दिवशी ओढा उतरला, माणसं वर गेली. आक्कांच्या घराची भिंत डिशसकट आत कोसळली होती. आक्का तिच्याखाली. भिंत आदल्या सकाळीच पडली असणार, म्हणाले.

सकाळी... त्यांची डिश गप्प झाली तेव्हा. मी त्यांचा हिस्सा वाटून टाकला आणि वर चहा प्यायले. का गप्प झाली, एवढंही विचारलं नाही.

आक्कांचं दिवसकार्य झाल्यावर जोतीराम ऑफिसात आला. खुर्चीवर बसलासुद्धा नाही.

"मावशी, आयनं तुमास्नी फोन केलता? न्हाय म्हंजी... फोन तिच्या हातातच घावला."

मी उगाच समोरचे कागद सारखे केले.

"नाही रे बाबा," मी म्हटलं.

तो मान हलवून गेला. त्या पोराशी मी खोटं बोलले.

डिश दुरुस्त करणाऱ्या अमरसिंहला मी एकदा आडून विचारलं. मोडकी डिश बोलू शकते का? तो हसला. "आवो ताई, पावसात स्क्रीनवरचं कायबी खरं धरू नका. चालू असलेलीबी बंद दावतंय कवा कवा."

तेव्हापासून झोप गेलीय.

पूर्णिमा म्हणते, ते भूत होतं ताई, नारळ फोडा, शांत करा.

नारळ फोडला. पण शांत करायला नाही. मी देवापुढे हात जोडून म्हटलं, ते भूतच असू दे.

कारण भूत नसेल... तर त्या संध्याकाळी आक्का भिंतीखाली जिवंत होत्या.