फोटोत माप हवंच

शेवटी दोघांचं लग्न झालं, आणि लग्नाच्या एकाही फोटोत नवरा हसला नाही.

हे वाक्य चुकून आधी आलं. ते कुणी वाचलेलं नाही असं धरून चालू. अजून लग्न नाही, नवरा नाही. आहे ती फक्त एका फोटो स्टुडिओच्या काउंटरपाशी उभी असलेली, वजनमाप खात्यातली एक तरुण निरीक्षक, आणि तिच्या हातात तिचाच पासपोर्ट साइझ फोटो.

तिने पर्समधून स्टीलची फूटपट्टी काढली, फोटोला लावली आणि म्हणाली, "अहो, हा एक मिलिमीटर कमी आहे."

फोटोवाल्याने आजवर बऱ्याच तक्रारी ऐकल्या होत्या. नाक मोठं आलंय, केस कमी आलेत, हा मी नाहीच. मिलिमीटरची तक्रार पहिलीच.

"चेहरा तर पूर्ण आलाय की."

"चेहऱ्याबद्दल खात्याला काही म्हणायचं नाही."

"आणि मला म्हणायचं असलं तर?"

तिने मान वर केली. तो कात्रीची धार तपासत होता... फारच निरागसपणे.

"लेखी द्या," ती म्हणाली.

फोटो पुन्हा छापून होईपर्यंत ती त्याच्या कॉम्प्युटरसमोर बसली. पडद्यावर त्याचा ब्लॉग उघडा होता. सगळे फोटो दुकानाच्या उंबऱ्यावरून काढलेले – ओला रस्ता, समोरच्या शिंप्याचं अर्धं शटर, एका मांजराच्या अनेक मनःस्थिती. कडेला 'प्रवास' असा एक विभाग होता. तिने तो उघडला. आत काहीच नव्हतं.

"हा रिकामा का?"

"गिऱ्हाईक कधी येईल सांगता येत नाही ना. बाबांनी टाकल्यापासून दुकान कधी बंद राहिलं नाही."

"मग विभाग कशाला केलात?"

"जागा धरून ठेवलीय."

हे तिला उगाचच लागलं. कारण तिचं बरोबर उलटं होतं. नोकरीपायी ती गावोगाव हिंडायची, आणि तिची ताई म्हणायची, "तू फिरत नाहीस गं, तू तपासणी करतेस. जो बघून माणसाला तिथं जावंसं वाटेल असा एक फोटो दाखव तुझ्या फोनमधला." नव्हता. वजनकाटे होते, भरपूर.

"मला ब्लॉग शिकवा," ती म्हणाली. हे विचारणं नव्हतं. तिने एकदा मनावर घेतलं की काटे आपणहून शून्यावर यायचे.

मग दुपारी, गिऱ्हाइकांची वर्दळ नसताना, शिकवणी सुरू झाली. फोटो चढवायचा कसा, खाली ओळ लिहायची कशी, अर्धवट लिखाण मसुद्यात कसं ठेवायचं. ती भराभर शिकली. अडचण एकच होती. तिच्या प्रत्येक फोटोत फूटपट्टी होती. मावळता सूर्य आणि फूटपट्टी. धबधबा आणि फूटपट्टी. झोपलेलं कुत्रं, शेजारी फूटपट्टी, आणि खाली ओळ – 'शेपटी वगळून.'

"ही पट्टी काढा हो," तो काकुळतीला आला.

"मग ते केवढं आहे हे वाचणाऱ्याला कळणार कसं?"

"तो अंदाज करेल."

"अंदाजाला आम्ही दंड लावतो."

त्याचंही काही फार बरं नव्हतं. तिचा पहिला फोटो त्याने मोठ्या प्रेमाने सजवून दिला. ती पडद्याजवळ वाकली.

"अहो, डोंगर कुठाय?"

"कुठला?"

"माझ्या मागे होता तो!"

त्याने जीभ चावली. "हाताला सवय झालीय... मागचं सगळं पांढरं करतो मी."

"एवढा डोंगर काढून टाकलात?"

"परत आणतो," तो घाईने म्हणाला, आणि खरंच, एक बटण दाबून त्याने डोंगर परत आणला. त्या क्षणी तो तिला आवडला. तिने तशी नोंद केली नाही.

ताईला पोस्ट पाठवली. उत्तर आलं – 'हा ब्लॉग नाही, पंचनामा आहे.'

तिने दातओठ खाल्ले. "उद्या दीपगृह बघायला जायचं. तुम्हीही चला. शिकवणी जागेवर होईल."

"आणि दुकान?"

"मीही गिऱ्हाईकच आहे ना? मला सेवा हवी ती दीपगृहापाशी."

त्याने दारावर पाटी लावली – 'पाच मिनिटांत येतो' – आणि आयुष्यात पहिल्यांदा, कुलूप घालायला विसरून, गावाबाहेर पडला.

दीपगृह प्रचंड निघालं. वारा असा की बोललेले शब्द समुद्राकडे जात होते. तिने पायथ्याशी फूटपट्टी टेकवली, मागे गेली, कॅमेऱ्यातून पाहिलं. पट्टी दिसेचना.

"तुमची उंची किती?"

"पाच फूट सात."

"चपला काढा."

ती एका दगडावर चढली आणि त्याला मोजू लागली. टाचेपासून वर, पट्टीपुढे पट्टी. गुडघा... कंबर... खांदा. कानाशी आल्यावर तिचा हात जरासा रेंगाळला. तिचे केस वाऱ्याने त्याच्या तोंडावर येत होते. तो मात्र फोटोत असल्यासारखा ताठ.

"श्वास रोखू नका. उंची बदलते."

"रोखत नाहीये... तो आपला थांबलाय."

"पाच साडेसहा," ती हळूच म्हणाली. "अर्धा इंच खोटं बोललात."

"मग दंड?"

"पहिली वेळ आहे. समज देऊन सोडतो आम्ही."

"समज दिली नाहीत अजून."

तिने पट्टी पर्समध्ये टाकली. "तिथं उभे राहा. हलू नका."

संध्याकाळी परतले तर स्टुलावर एक आजोबा ताठ बसलेले. सकाळपासून. "तुम्हीच म्हणता ना, हलू नका," आजोबा म्हणाले. फोटो उत्तम आला.

त्यानंतर तिच्या ब्लॉगवरून फूटपट्टी गेली. मिठागरं, जुना पूल, वाळूचे ढिगारे – प्रत्येक फोटोत एका कोपऱ्यात तो, हनुवटी सरळ, दोन्ही कान दिसतायत, चेहऱ्यावर हसू नाही. लोक वाचू लागले. ताईने खाली विचारलं, 'हा माणूस कोण?' तिने लिहिलं, 'माप.' लगेच फोन वाजला. "माप बरं दिसतंय गं. कुणाच्या घरातलं?"

"ताई, तू फोन ठेव."

आणि मग बदलीचा हुकूम आला. गाव इतकं लांब की बसवाल्यानेही आधी नकाशा पाहिला. ती सांगायला स्टुडिओत गेली. दोघांनी प्रिंटरकडे पाहिलं. तो काहीच छापत नव्हता.

"ब्लॉग चालू ठेवा," तो म्हणाला. "आता सगळं येतं तुम्हाला."

"सगळं येतं," ती म्हणाली. आणि निघाली... कारण त्याने थांबा म्हटलं नाही, आणि तिने चला म्हटलं नाही.

नव्या गावी एक कडा होता. लोक म्हणत, आभाळाएवढा. तिने फोटो काढला, चढवला, आणि खालच्या ओळीपाशी अडकली. पट्टी पर्समध्ये होती. ती काढावीशीही वाटेना. मग तिने लिहिलं –

'हा कडा. उंची सांगता येत नाही, माप जवळ नाही. माप जवळ नसलं की कुठलीच गोष्ट केवढी आहे ते कळत नाही, हे खात्यात कुणी शिकवलं नव्हतं. मापाने हे वाचलं असेल तर यावं.'

'मसुद्यात ठेवा' हे बटण तिला नीट दिसलं होतं. तिने दुसरं दाबलं. अगदी नेम धरून.

पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी ती कामावरून परस्पर कड्यापाशी गेली, तर पायथ्याशी तो उभा. धुळीने माखलेला, खांद्याला कॅमेऱ्याची पिशवी, चपला काढून हातात घेतलेल्या.

"कुठं उभा राहू?" त्याने विचारलं.

"दुकान?"

"पाटी लावलीय. पाच मिनिटांत येतो."

"अहो..." ती म्हणाली. पहिल्या दिवसापासून ती त्याला अहोच म्हणत होती. आज तो शब्द तिच्या तोंडून वेगळाच निघाला, आणि दोघांच्याही तो लक्षात आला. "इथं. माझ्या शेजारी."

"मग माप कसं कळणार?"

"मला कळलंय."

त्याने कॅमेरा दगडावर ठेवला, दहा सेकंदांचा टायमर लावला, धावत येऊन तिच्या शेजारी उभा राहिला. "हनुवटी जरा वर. इकडे बघा. हलू नका..." आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा, तो म्हणाला, "आता हसलात तरी चालेल."

ती हसली. तो स्वतः विसरला. त्याच्या ब्लॉगवरच्या 'प्रवास' विभागात आता तो एक फोटो आहे.

पुढचं काही घडलेलं नाही, हे वर ठरलंच आहे. फक्त खात्याच्या कचेरीत एक अर्ज पडून आहे, तो असा –

'माननीय नियंत्रक, वजनमापे, यांस. विषय: नवीन प्रमाणित माप मंजूर करणेबाबत. महोदय, सोबतच्या छायाचित्रातील इसम, उंची पाच फूट साडेसहा इंच, यांस अर्जदाराने ऊन, वारा व बसप्रवास यांत तपासले असून ते कुठेही कमी पडलेले नाहीत. सबब, सदर इसमास अधिकृत माप म्हणून मान्यता देऊन योग्य जागी शिक्का मारण्याची परवानगी मिळावी. वार्षिक फेरतपासणीचा अधिकार तहहयात अर्जदाराकडेच राहावा. तसेच यापुढे अर्जदाराची बदली जिथे होईल तिथे सदर माप खात्याच्या खर्चाने, खिडकीजवळच्या जागेवर बसवून, दुकानाच्या पाटीसह पाठवण्यात यावे, ही नम्र विनंती.'