वाट नसलेली खोली

या, असे जवळ सरका. मागे बसलात तर ऐकू यायचं नाही, आणि ही गोष्ट मोठ्यानं सांगण्यातली नाही. सांगून झाल्यावर मी तुमच्याकडे काहीतरी मागणार आहे. तेवढं नाही म्हणू नका.

एक बहीण होती. घरात तिला सगळे धाकटी म्हणायचे. केस पिकले तरी धाकटी ती धाकटीच. तिचा दादा लेखक. मुलांसाठी पुस्तकं लिहायचा, पण सरळ वाचत जायची नव्हेत, तुकड्यातुकड्यांची. प्रत्येक तुकड्याला क्रमांक, आणि खाली दोन-तीन वाटा. राक्षसाशी लढायचं असेल तर अमुक क्रमांकावर जा, पळायचं असेल तर तमुक. वाचणारा स्वतःच वीर! पोरं मागच्या पानात बोट अडकवून वाचायची. गोष्टीत मेलं की गुपचूप मागे. एकामागून एक भाग निघाले आणि हातोहात खपले.

वाटा तपासायचं काम धाकटीचं. जेवणाच्या टेबलावर मोठा कागद पसरायचा, प्रत्येक क्रमांकाभोवती गोल काढायचा आणि गोलापासून गोलापर्यंत रेघ ओढायची. कुठे वाट तुटली, कुठे वाचक अडकला, काही म्हणता काही तिच्या पेन्सिलीतून सुटत नसे. समोर वहिनी बसलेली, दादाची बायको. दादा प्रत्येक भागात तिला काही ना काही करायचा. कधी राणी, कधी चेटकीण.

"वन्सं, या खेपेला काय केलंय मला?"

"बोलणारी बेडकी."

"बेडकी! आता माहेरी काय तोंड दाखवू?" आणि दोघी पोट धरून हसायच्या.

मग वहिनीनं अंथरूण धरलं. शेवटी शेवटी ती एकच विचारायची, "बाहेर येरझाऱ्या कोण घालतंय हो?" बाहेर कुणी नसायचं. तरी दादा उठायचा आणि दार लावून घ्यायचा. दार लावलेलं असतानाच ती गेली.

त्यानंतर दादानं लेखणीला हात लावला नाही. पुढे बऱ्याच दिवसांनी, एका सकाळी, त्यानं नव्या भागाचा गठ्ठा टेबलावर आणून ठेवला. धाकटी हरखून वाचायला बसली आणि थोड्याच वेळात हिरमुसली. राक्षस नाही, तलवार नाही, खजिना नाही. नुसते बोळ. दगडी बोळ, त्यापुढे ओलसर बोळ, उजवीकडे वळावं तर पुन्हा बोळ. आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी तेच एक वाक्य : भिंतीपलीकडे कुणीतरी चालतंय.

"दादा, रागावू नकोस, पण हे फार रटाळ झालंय रे."

"माहीत आहे मला."

"पोरं पुस्तक फेकून देतील. कुठूनही जा, फिरून तिथंच!"

"नीट बघितलंस ना? एकही वाट बाहेर पडत नाही ना?" त्याचा आवाज असा आला, की तिनं चमकून वर पाहिलं.

बाहेर पडणारी वाट नव्हती. पण कागदावर एक गोल असा होता, की त्याला कुठूनच रेघ येत नव्हती. तो तुकडा तिनं वाचला. लहानशी खोली. शेगडी पेटलेली. दाराकडे पाठ करून एक बाई हात शेकत बसली आहे. इथे ती सुखरूप आहे. बस्स, एवढंच.

"ही वहिनी ना?"

दादानं मान हलवली.

"हिच्याकडे जायला वाटच नाही."

"ठेवलीच नाही."

"मग बाकीचं एवढं कशाला लिहिलंस?"

"त्याला चालायला."

कुणाला, हे विचारायचा धीर तिला झाला नाही. दुःखानं माणूस असं काहीबाही बोलतो, अशी तिनं मनाची समजूत घातली.

छापून आलेली कच्ची पानं तिनं तपासली. सगळं जागच्या जागी होतं. तेवढ्यात प्रकाशक आला. "ताई, जिथे कुणी पोचतच नाही ते पान मी छापू कशाला? वाट जोडा, नाहीतर काढून टाकतो. दादांना उगाच त्रास नको."

काढून टाकतो! वहिनीला पुन्हा एकदा उचलून बाहेर न्यायचं? ते धाकटीला करवेना. सगळ्यात आडबाजूचा बोळ तिनं निवडला आणि त्यात एक ओळ घातली. डावीकडे एक बुटकं दार आहे. उघडायचं असेल तर… आणि खोलीचा क्रमांक. वहिनीला माणसांची हौस. एखादं चुकलंमाकलं पोर गेलंच भेटायला, तर तिला बरंच वाटेल, असं तिच्या मनात आलं.

पुस्तक आलं आणि आपटलं. दुकानदारानं गठ्ठाच तिच्यापुढे सरकवला. "पोरं परत आणून देतात, ताई. नुसते रिकामे बोळ. निदान मागावर तरी कुणी असायला हवं होतं."

"आहे की! भिंतीपलीकडे कुणीतरी चालतंय."

"दाखवा बरं."

तिनं एक प्रत उघडली. पहिला बोळ पाहिला, दुसरा पाहिला. वाक्य नव्हतं.

दुसरी प्रत घेतली. तिसरी.

एकाही प्रतीत, एकाही बोळात, कुणी चालत नव्हतं.

तिनं खोलीचा क्रमांक काढला.

शेगडी विझलेली. खुर्ची दाराकडे तोंड करून. रिकामी.

खाली एक वाट होती. दादानं लिहिली नव्हती, तिनंही नव्हती. मुकाट्यानं बरोबर यायचं असेल तर… आणि पुढे क्रमांक. तो क्रमांक पुस्तकात कुठेच नव्हता. पुस्तक त्याच्या कितीतरी आधी संपत होतं.

ती तडक दादाकडे गेली. तो जेवत होता. चेहरा कसा टवटवीत, कपाळावरची आठी पार गेलेली.

"दादा, माझ्या हातून चूक झाली रे. वहिनी…"

"कुणाची वहिनी?"

"थट्टा नको करूस."

"अगं, मी लग्न कधी केलं? बस, दोन घास खा."

हे सगळं धाकटीनंच मला सांगितलं, रडत रडत. परवा ती पुन्हा भेटली. मी सहज विचारलं, "वहिनीचं काही कळलं का?" तिनं क्षणभर विचार केला. मग हसून म्हणाली, "कुणाच्या?"

म्हणून माझं मागणं. देवाचं नाव घ्याल तेव्हा त्या वहिनीचीही आठवण काढा. नाव विचारू नका, ते माझ्याकडे नाही. तिचा चेहरा कालपर्यंत होता. आमच्या वाड्याचा जिना उतरताना ती शेवटची पायरी गाळून उडी मारायची, आणि खाली पोचली की वळून वर बघायची. माझ्यापाशी एवढंच उरलंय. माझ्याकडूनही जायच्या आत, तुम्ही ते वाटून घ्या.