फुलीबाईची सुट्टी

दाराच्या फटीवरची खाकी चिकटपट्टी ओढून काढताना फुलीबाई गाणं गुणगुणत होती. सोमवारी सकाळी झाडू हातात घेऊन गाणं गुणगुणणारी बाई विरळाच, पण त्या दिवशी ती खुशीत होती. पट्टी निघाली, कडी सरकली, दार ढकललं आणि लसणासारखा उग्र भपकारा तिच्या तोंडावर आला. पदर नाकाला लावून तिने आत पाहिलं. उंबऱ्याशीच विभागप्रमुख डॉ. हेमकांत पाटील पालथे पडले होते. एक हात दाराकडे पसरलेला.

तिची किंकाळी फाटकापर्यंत गेली. फाटकावरचा रखवालदार जागा झाला, यावरूनच ती केवढी असेल ते समजावं.

पोलीस उपनिरीक्षक संध्या वळवी तळोदा ठाण्यातून निघून पोचली, तेव्हा खोलीच्या बाहेरून बंद होणाऱ्या, गजांच्या खिडक्या उघडून वास घालवायचं काम चाललं होतं. विद्यापीठाच्या उपकेंद्रातला हा वनस्पतिशास्त्र विभाग म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याची एक लांबट बैठी इमारत. तिच्या टोकाला ही खोली, हर्बेरियम. डोंगरातून आणलेली झाडंपानं वाळवून, कागदावर चिकटवून इथे कपाटांत ठेवत. वाळल्या पानांना कीड लागते म्हणून अधूनमधून शनिवारी धुरी देत. विषारी गोळ्या आत ठेवायच्या, बाहेरून कडी घालायची, फटींवर चिकटपट्टी मारायची आणि सोमवारी उघडायचं. गोळ्या, कडी, पट्टी हे सगळं काम फुलीबाईचं.

म्हणूनच निरीक्षकसाहेबांचा फोन आला.

"सरळ केस आहे, वळवी. बाईने आत न बघता दार लावलं. संध्याकाळपर्यंत अटक दाखवा. उगाच डोकं लढवत बसू नका."

संध्याने "हो सर" म्हटलं. डोकं लढवायचं नाही असं कुणी सांगितलं की तिच्या डोक्याला जास्तच जोर चढे, हा तिचा जुनाच दुर्गुण. शिवाय व्हरांड्यात भिंतीला टेकून थरथरणारी ती हडकुळी बाई तिला बघवेना. आज ती आत गेली तर तिला सोडवायला मागे कोण होतं? आजारी नातू आणि त्याची शाळकरी बहीण.

संध्या तिच्याशेजारी फरशीवर बसली. कचेरीची मराठी तिने बाजूला ठेवली.

"शनवारले दार कोनी लावं, मावशी?"

"माले काय माहीत, माय? गोळ्या मी ठेवात, दार नुस्तं लोटी दिन्हं. मंग माले सुट्टी भेटनी. मी घर गऊ."

"सुट्टी कोनी दिन्ही?"

"साहेबनी! मोहिनीताई उनी, म्हने, साहेब सांगतस, तुन्हा नातूले ताप शे, आत्तेच घर जा. दारनं आम्हीन देखी लेसूत."

"साहेब पहिलेबी सुट्टी देत व्हतात?"

"कव्हय नही." फुलीबाईने पदराने डोळे पुसले. "मन्हा मालक मरना, तव्हय बी दिन्ही नही. पहिल्यांदा दिन्ही, माय. म्हनीसन आज मी सगळासना पहिले उनू. म्हनं, खोली चक करसू, साहेबले खूश करसू. त्यास्नाकरता आमचूर बी लई उनू." तिने बाजूची कापडी पिशवी दाखवली आणि ती तोंडाशी धरून रडू लागली.

"रोज आधी कोन येस?"

"मोहिनीताई."

संध्या उठली. शनिवारी कोण कधी गेलं हे सांगायला फाटकावर रखवालदार होता, पण त्याला ते विचारण्यात अर्थ नव्हता. त्याच्या डोळ्यांवरची झोप अजून उतरली नव्हती.

प्रा. अभिनंदन जैन प्रमुखांच्या खोलीबाहेर भेटले. दारावरची डॉ. पाटलांची पाटी अजून निघाली नव्हती, पण जैनसरांची नजर तिची मापं घेऊन झाली होती.

"आता तुम्हीच प्रमुख?" संध्याने विचारलं.

"ज्येष्ठतेनं तसंच होतं. दुःखद आहे सगळं."

"शनिवारी दुपारी कुठे होतात?"

"सुरतेला. आई हॉस्पिटलात आहे. अर्धा दिवस संपल्या संपल्या जीपने निघालो आणि खांडबाऱ्याला गाडी पकडली. बहीण रिद्धी स्टेशनवर घ्यायला आली होती, विचारा तिला."

"अर्धा दिवस संपेपर्यंत कशाला थांबलात? रजा नाही टाकली?"

जैनसरांचा चेहरा कडू झाला. "टाकली होती. साहेबांनी निरोप पाठवला, 'आईला सांगा, आमच्या वेळापत्रकात बसेल तेव्हा मरा.'"

"असं तोंडावर म्हणाले?"

"तोंडावर? ते कुणाशीच बोलत नसत. बेल वाजायची, मोहिनी आत जायची आणि बाहेर येऊन सांगायची. शब्दन् शब्द तसाच. कुठली मीटिंग, कुठला वार, चष्मा कुठे ठेवलाय, सगळं तिलाच ठाऊक. ती नसती तर साहेबांना आज सोमवार आहे हेही कळलं नसतं."

रिद्धीने फोनवर दुजोरा दिला. जैनसर हलकट असतील, पण सुरतेत होते.

राहिली मोहिनी. विभागाची सहाय्यक, चाळिशीची, नीटनेटकी. साहेबांच्या दाराला लागूनच तिचं टेबल होतं आणि टेबलावर साहेबांचा मोबाइल चार्जिंगला लावलेला. संध्या समोर बसत होती, तोच तो वाजला. मोहिनीने सवयीने उचलला.

"नमस्कार, डॉ. पाटील यांचं कार्यालय... नाही, साहेब आता बोलू शकणार नाहीत."

तिने फोन जागेवर ठेवला. संध्याने त्याच्याकडे बोट दाखवलं.

"हा इथे कसा?"

"नेहमीच इथे असतो. साहेब फोन घेत नसत."

"धुरीचा दिवस कोण ठरवतं?"

"मी. साहेबांना सांगितलेलं होतं."

"फुलीबाईंना सुट्टी कुणी दिली?"

"साहेबांनी. नातू आजारी आहे हे मी त्यांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, जाऊ दे तिला." मोहिनीने हे सांगताना संध्याकडे पाहिलं नाही. "त्या बारा वाजायच्या आधीच गेल्या, मॅडम. मी शपथेवर सांगते. त्यांनी पट्टी लावलेली नाही."

"मग कुणी लावायची होती?"

"साहेब म्हणाले, रखवालदाराला सांगतो."

"आणि तुम्ही?"

"सगळे गेले तशी मीही गेले."

रखवालदाराला विचारलं तर तो आधी घाबरला, मग हसला. "साहेब मन्हासंगे बोलतीन? आठे नोकरीले लागनू तव्हयपाइन त्यास्नी मन्हाकडे देखं बी नही."

राहता राहिला एक प्रश्न. माणूस शनिवारपासून घरी आला नाही आणि कुणी शोधलं कसं नाही? रंजनाबाई पाटलांना फोन लावला. नवऱ्याच्या मृत्यूने त्या हादरल्या होत्या म्हणावं, तर तसं काही आवाजात जाणवलं नाही.

"मोहिनीचा फोन आला होता शनिवारी. साहेब कळसाडीला मळ्यात जाताहेत, सोमवारी तिथूनच ऑफिसला येतील. नेहमीचंच आहे ते. मीही दोन दिवस मोकळा श्वास घेते."

कळसाडीच्या मळ्यावर धुडकू नावाचा सालदार होता. त्याचा आवाज खणखणीत.

"साहेब येनार व्हतात? माले कोन्ही सांगं नही."

"एरवी कोण सांगतं?"

"मोहिनीबाईना फोन येस. खोली झाडी ठेव, भरीतले वांगा लई ये, कळनानी भाकर कर, पानी गरम ठेव. एकदाबी चुकनी नही ती बाई. साहेब मोटरमां बसाना पहिले फोन येस."

"ह्या शनवारले?"

"नही उना."

संध्याने फोन खाली ठेवला. तिला सगळं कळलं होतं आणि कळल्याचा आनंद मात्र अजिबात होत नव्हता.

निरीक्षकसाहेब स्वतः आले. महिला शिपायांनी फुलीबाईला व्हरांड्यातून उठवून जीपशी नेलं. संध्या मधे पडली. दहा मिनिटं द्या म्हणाली आणि निरीक्षकांना, जैनसरांना नि मोहिनीला प्रमुखांच्या खोलीत घेऊन दार लावलं.

"सर, पट्टी बाहेरून लावलेली होती. म्हणजे पाटील आत गेल्यावर कुणीतरी लावली. फुलीबाईंनी चुकून लावली म्हणावं, तर दार लोटलेल्या खोलीत, गोळ्या ठेवलेल्या असताना, हा माणूस मुळात शिरला कशाला?"

"विसरला असेल," निरीक्षक म्हणाले.

"विसरायला आधी माहीत असावं लागतं. त्यांचा वार, वेळ, सगळं मोहिनीताईंच्या डोक्यात होतं. धुरी कधी हे ताईंनी सांगितलं तरच त्यांना कळणार. ताईंनी सांगितलंच नाही."

मोहिनी शांत उभी होती. हात पुढे बांधून, साहेबांचा निरोप ऐकायला उभी राहावी तशी.

"ताई, तुम्ही रंजनाबाईंना कळवलंत की साहेब कळसाडीला निघाले. मग धुडकूला का नाही कळवलंत? तुम्ही कधी चुकत नाही. वांगी सांगायची राहिली, कारण जेवायला कुणी पोचणार नाही हे तुम्हाला ठाऊक होतं. बायकोने शोधू नये एवढ्यापुरताच तो फोन होता."

"हे झालं तर्काचं," निरीक्षक पुटपुटले.

"पुढचं ऐका, सर. बेत चांगला होता. रोज ताई पहिल्या येतात. आज त्या येणार, पट्टी काढणार, कडी सरकवणार आणि मग ओरडणार. आपण काय म्हटलं असतं? साहेब स्वतःच आत शिरले, भोवळ येऊन पडले. अपघात. कुणाचंच नाव आलं नसतं. पण आज ताईंच्या आधी फुलीबाई आल्या आणि बाहेरची पट्टी त्यांच्याच हातून निघाली. आयुष्यात पहिल्यांदा सुट्टी मिळाली, म्हणून साहेबांची खोली लख्ख करायला."

मोहिनीने डोळे मिटले.

"आणि ती सुट्टी," संध्या म्हणाली, "बाईचा नवरा मेला तेव्हा जी मिळाली नाही, जैनसरांच्या आईसाठी जी मिळाली नाही, ती एका नातवाच्या तापासाठी मिळाली? पाटलांनी ती दिलीच नाही. तुम्ही दिलीत. पट्टी फुलीबाईंच्या हातून लागली असती तर पाप त्यांच्या माथी बसलं असतं, तुम्हाला ते नको होतं. तुम्ही एवढी माया केली नसतीत, तर मी तुमच्यापर्यंत पोचले नसते."

जैनसर तोंड उघडं ठेवून बघत राहिले. मोहिनीने खुर्ची ओढली आणि पहिल्यांदाच त्या खोलीत न विचारता बसली.

"चेतना नावाची मुलगी होती," ती म्हणाली. "तोरणमाळकडची. तिचं संशोधन पूर्ण झालं होतं, साहेब अडवून धरत होते. एक दिवस बेल वाजली. म्हणाले, तिला सांग, आईनं लोकांचं शेण काढलं, तूही तेच काढ, इथे जागा अडवू नको. मी बाहेर आले आणि सांगितलं. जसंच्या तसं. मला तसंच सांगता यायचं. त्या रात्री ती कपाशीवर फवारायचं औषध प्यायली."

जैनसरांनी मान खाली घातली.

"साहेबांना कुणी काही म्हटलं नाही. ते तिच्याशी एक शब्दही बोललेले नव्हते ना. पोरीच्या कानात शेवटचा आवाज गेला तो माझा. घाण त्यांची आणि तोंड माझं, मॅडम. मी रोज घासत होते, निघेना."

"शनिवारी काय सांगितलंत त्यांना?"

"एक विद्यार्थिनी हर्बेरियममध्ये झोपलीय म्हटलं. दुसऱ्या कशाला ते खुर्चीतून उठत नसत. कुणाला पकडून रडवायचं असलं की उठायचे. तरातरा गेले. मी मागून कडी घातली." तिचा आवाज अजून निरोप्याचाच होता. "दार वाजवत राहिले बराच वेळ. माझं नाव घेत होते. एरवी मी एका बेलला उठायची. त्या दिवशी टेबलाशी बसून राहिले."

निरीक्षकांनी टोपी घातली आणि शिपायांना हाक मारली.

व्हरांड्यात बातमी मोहिनीच्या आधी पोचली होती. साहेबांना मोहिनीने मारलं, एवढीच. शिपायांनी हात सोडल्याबरोबर फुलीबाई धावत आली. संध्याला वाटलं, सुटलेली बाई पाया पडायला येते आहे.

फुलीबाई मोहिनीच्या तोंडावर थुंकली.

"तुन्हं वाटोळं व्हई! मन्हा साहेब खाई टाका तू! गरीबना दुख देखनारा एक मानूस व्हता, माले सुट्टी देनारा, तोबी तुले देखावना नही! किडा पडतीन तुले!"

"मावशी, थांबा," संध्याने तिचा दंड धरला. "ती सुट्टी—"

"मॅडम." मोहिनीने मान हलवली. हात बेड्यांत होते, गालावरची थुंकी पुसता येत नव्हती. "नका सांगू. साहेबांनीच दिली."

संध्याने तोंड मिटलं. खरं सांगणं हे तिचं काम होतं, आणि ते तिच्याने झालं नाही.

जीप फाटकाबाहेर पडली तरी फुलीबाई अंगणात बसून ऊर बडवत होती. डॉ. हेमकांत पाटलांसाठी त्या दिवशी इतकं मनापासून दुसरं कुणीच रडलं नाही.