तिन्ही वेळा सारखं

बाटलीचं झाकण काही केल्या उघडेना.

तिने उजव्या हाताने पाहिलं, डाव्याने पाहिलं, रुमालात धरून पिळून पाहिलं. दवाखान्याच्या लांबलचक व्हरांड्यात बसलेल्या सगळ्या बायका आपल्याकडेच बघताहेत, असं तिला उगाच वाटायला लागलं. लाज वाटायला कारणही होतं. बाईसाहेब पडल्या बाइंडर! आत्याबरोबर तिचं बाइंडिंगचं दुकान होतं. जाडजूड रजिस्टरं शिवायची, खळ लावून पुठ्ठे चढवायचे आणि लोखंडी प्रेसचं चाक करकचून आवळायचं, हे तिचं रोजचं काम. पण गेले सहा महिने ते चाक आत्याच आवळत होती.

"द्या इकडे."

शेजारून जाणारा एक माणूस थांबला. कट्ट – झाकण उघडलंसुद्धा.

"मी सैल करून ठेवलं होतं," ती फणकाऱ्याने म्हणाली.

"हो ना. म्हणून तर उघडलं," तो म्हणाला आणि हसला.

तो हसला आणि तिचं काळीज जिना चढून आल्यासारखं धडधडायला लागलं. आता यातली गंमत अशी की ती खरोखरच नुकतीच जिना चढून आली होती. पुढच्या सगळ्या गोंधळाला सुरुवात झाली ती इथून.

दहा मिनिटांनी तिचा नंबर आला. आत पांढरा कोट घालून तोच बसला होता! ऑपरेशनआधी बायकांच्या अंगात ताकद किती आहे ते मोजणारा फिजिओथेरपिस्ट. त्याने तिच्या मुठीत तबकडीचं एक यंत्र दिलं.

"कोपर अंगाला टेकवा. मी सांगितलं की सगळा जोर लावायचा. तीनदा. दाबा... दाबा, दाबा, दाबा... सोडा!"

काटा चौदा किलोवर गेला. दुसऱ्यांदा चौदा. तिसऱ्यांदाही चौदाच.

"तुमच्या वयाला पंचवीसच्या वर हवं," तो म्हणाला. "गर्भाशयात गाठ आहे, दर पाळीला भरमसाट रक्त जातं, त्याबरोबर लोह जातं. आणि लोह नुसतं रक्ताला नाही, स्नायूंनाही लागतं. आधी सलाईनमधून लोह भरू, ताकद येऊ दे, मग ऑपरेशन. अशा अंगाने टेबलावर गेलात तर नंतर उठायलाच महिने लागतील."

"आणि... छातीत धडधडतं ते?"

"रक्त कमी असलं की हृदयाला जास्त पळावं लागतं. कधीकधी बसल्याबसल्यासुद्धा."

"बसल्याबसल्या?"

"का? आत्ता होतंय?"

"छे!" ती घाईघाईने म्हणाली. होत होतं. चांगलं कानापर्यंत ऐकू येत होतं.

घरी आत्याने खोदून खोदून विचारलं. तिने सगळं सांगितलं. धडधड जिन्यावर होते, बादली उचलताना होते, आणि त्या खोलीत होते.

"खोलीत कुणाकडे बघून होते?"

"आत्या, ते रक्ताचं आहे. जिन्यावरही होते म्हटलं ना!"

"मग जिन्याशीच लग्न लाव," आत्या म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला लागली.

दर आठवड्याला सलाईन लागायची आणि सलाईननंतर त्याची खोली. मनातल्या मनात तिने त्याचं नाव 'दाबासाहेब' ठेवलं होतं. एकदा चुकून ते तोंडातून निसटलंच.

"काय म्हणालात?"

"काही नाही... डॉक्टरसाहेब म्हटलं."

"असं होय, बाइंडरबाई," तिच्या कागदावरचा व्यवसाय वाचत तो गंभीर चेहरा करून म्हणाला. त्या दिवसापासून ती बाइंडरबाई झाली.

काटा सोळावर गेला, मग एकोणीसवर. एका दुपारी खिडकीच्या काचेवर पाऊस ओघळत होता. यंत्र तिच्या मुठीत देताना तो जरासा थबकला.

"तुमच्या हाताला खळीचा वास येतो."

"दोनदा साबण लावलाय!"

"वाईट येतो असं कुठे म्हणालो मी..." तो म्हणाला आणि समोरच्या कागदात डोकं घालून बसला. त्या दिवशी त्याने आकडे लिहायला जरा जास्तच वेळ घेतला.

जिन्यावरची धडधड कमी होत गेली. खोलीतली मात्र कधी कमी वाटे, कधी जास्त. उरलेली धडधड उरलेल्या अशक्तपणाची, की त्याची? तिचं तिलाच काही उमजेना. रक्त पूर्ण भरलं की ती सगळीच ओसरली तर? आणि नाही ओसरली तर... तेव्हा विचारायचं कुणाला?

कारण पाचव्या खेपेला तो म्हणाला, "रक्त अकरावर आलंय, ताकद बावीसवर. ऑपरेशनला एवढी पुरे. छान! पुढच्या आठवड्यात शेवटचं मोजमाप. ताकद टिकली की ऑपरेशनची तारीख पक्की. मग माझ्याकडे यायची कटकट संपली तुमची."

"संपली," ती म्हणाली. आनंदाने म्हणायचं होतं, तसं जमलं नाही.

पुढच्या आठवड्यात तो "दाबा, दाबा" म्हणाला आणि तिने चक्क चोरटेपणा केला. बोटं आवळल्यासारखं केलं, जोर लावलाच नाही. पंधरा. मग घाबरून त्याहून कमी – अकरा. मग ते फारच कमी वाटलं म्हणून सतरा. त्याने तिच्याकडे एकदा पाहिलं, आकडे लिहिले आणि कागद फाइलमध्ये सरकवला. एक आठवडा वाढवून मिळेल, एवढाच तिचा हिशेब होता.

हिशेब सपशेल चुकला. संध्याकाळी भूलतज्ज्ञ बाईंचा फोन आला. "रक्त वाढलं आणि ताकद घटली, हे मला पटत नाही. नसांच्या तपासण्या झाल्याशिवाय मी भूल देणार नाही. तारीख पुढे ढकलतेय."

पुढे म्हणजे पाळीच्याही पुढे. सलाईनने थेंबथेंब भरलेलं सगळं पुन्हा वाहून जाणार होतं. आत्या प्रेसच्या चाकावर हात ठेवून नुसती उभी राहिली. "पुन्हा पहिल्यापासून?" एवढंच म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. आत्याला रडताना तिने फार कमी वेळा पाहिलं होतं. तिला स्वतःची शरम वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी ती त्याच्या खोलीच्या दारात उभी. त्याने तिचाच कागद समोर काढून ठेवला होता.

"खरा जोर लावला की तिन्ही आकडे जवळजवळ सारखे येतात," तो हळू म्हणाला. "पहिल्या दिवशी तुमचे चौदा, चौदा, चौदा. आणि काल पंधरा, अकरा, सतरा."

"म्हणजे... तुम्हाला कालच कळलं?"

"दुसऱ्या आकड्याला. तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोललो. का नाही बोललो ते... माझं मलाच नीट कळलेलं नाही. आज भूलतज्ज्ञांना सांगितलंय, कालचं मोजमाप धरू नका, चूक माझी." तो थांबला. "पण तुम्ही असं का केलंत?"

तिने खाली बघतच बोलायला सुरुवात केली. "रक्त भरलं की धडधड जाईल म्हणालात ना तुम्ही... मला ती जायला नको होती. आणि राहिलीच असती, तर ती कशाची ते विचारायला तुम्ही नसतात."

त्याचे कान लाल झाले होते.

"तुम्ही इथे पेशंट आहात, बाइंडरबाई. यावर मी आज काहीही बोललो तरी ते चुकीचं ठरेल."

"बरं," ती म्हणाली.

"दाबा. खरं खरं."

तिने डोळे मिटून, सगळं बळ एकवटून दाबलं. तेवीस, तेवीस, तेवीस. डोळ्यांतलं पाणी तबकडीवर पडलं, ते त्याने रुमालाने पुसलं.

"यापुढचं मोजमाप माझी सहकारी करेल. तुमची फाइल मी तिच्याकडे देतोय," तो म्हणाला.

याचा अर्थ नाही असाच होतो ना? की आणखी काही? घरी पोचेपर्यंत तिने त्या एका वाक्याचा काथ्याकूट केला आणि हाती काहीच लागलं नाही.

ऑपरेशन ठरल्या तारखेला झालं. दुसऱ्याच दिवशी ती चालायला लागली. तो मात्र एकदाही वॉर्डात फिरकला नाही. दीड महिन्याने तिने दुकानातलं चाक स्वतः आवळलं, तेव्हा आत्या ओरडली, "अगं हळू, प्रेस मोडशील!" दोघी पोट धरून हसल्या. हसताना तिच्या मनात आलं, हे त्याला सांगायला हवं. आणि मग हसू विरून गेलं.

त्याच आठवड्यात शेवटची तपासणी होती. रक्त साडेबारा. नाडी बहात्तर. सहकारी बाईंनी मोजलेली ताकद अठ्ठावीस, तिन्ही वेळा. फाइलवर शिक्का पडला. "आता इकडे यायचं काही कारण नाही हं तुम्हाला," बाई हसून म्हणाल्या. सगळं इतकं उत्तम होतं, की तिला रडूच यायला लागलं.

ती बाहेर आली. व्हरांड्यातल्या बाकावर अंगात कोट नसलेला एक माणूस पाण्याच्या बाटलीशी झटत होता. झाकण पिळत होता, रुमालात धरत होता, दात-ओठ खात होता.

"ऐकता का..." तो मान वर करून म्हणाला. "हे उघडत नाहीये."

ती जागच्या जागी थांबली. "तीनदा प्रयत्न केलात?"

"केला."

"मग?"

"तिन्ही वेळा जोर वेगवेगळा लागला."

तिचं काळीज धडधडायला लागलं होतं. रक्त साडेबारा, नाडी पाच मिनिटांपूर्वी बहात्तर, आणि जिना तर अजून उतरायचाच होता. आता दोष द्यायला काहीच उरलं नव्हतं. ती त्याच्या शेजारी बसली.

"दीड महिना कुठे होतात?"

"फाइल बंद व्हायची वाट बघत होतो."

"आणि आता खोटं खोटं झटताय! खरं काय ते सांगा."

"मला तुम्ही आवडता."

"पुन्हा."

"मला तुम्ही आवडता."

"नियम तीनदाचा आहे."

"मला... तुम्ही आवडता." या खेपेला त्याचा आवाज कापला, पण शब्द तेच होते.

तिने त्याच्या हातातून बाटली घेतली, एका पिळात झाकण उघडलं आणि पहिला घोट स्वतः प्यायली.